मालाग्यात सूर्य पाठीमागे मावळतो

एडमंटनहून युरोपला जाऊन आलेल्या माणसाला आमच्या मराठी मंडळींत पहिला प्रश्न विचारतात तो "काय काय कव्हर केलंत?" हा. कसं वाटलं, काय खाल्लं, कोण भेटलं, हे प्रश्न नंतर, वेळ उरला तर. आमच्यातल्या एका जोडप्याने दीड दिवसात अख्खं स्वित्झर्लंड कव्हर केलं, आणि तेव्हापासून प्रत्येक पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरचे डबे आणून होणाऱ्या जेवणात, पहिली प्लेट त्यांच्या हातात जाते. त्यामुळे माझा नवरा पाइपलाइनच्या नोकरीतून रिटायर झाला आणि आम्ही आठ दिवस स्पेनला जायचं ठरवलं, तेव्हा त्याच्यावर केवढं दडपण होतं याची कल्पना यावी.

माझा नवरा सुधीर. मूळ औरंगाबादचा, पक्का देशस्थ, आयुष्यात अंड्यालासुद्धा हात न लावलेला. मी वेंगुर्ल्याची सारस्वत. आमच्या घरून दुपारी माशाचा वास आला नाही, तर कोण आजारी आहे म्हणून शेजारी चौकशीला येत. आम्ही पुण्यात कॉलेजात भेटलो, दोन्ही घरच्यांच्या नाकावर टिच्चून लग्न केलं, आणि नोकरीच्या मागे एडमंटनला आलो. या गावातून कुठल्याही दिशेला दिवसभर गाडी हाणली तरी समुद्र लागत नाही. मासे मिळतात, पण विटेसारखे गोठलेले.

सुरुवातीची वर्षं मी ते स्वयंपाकघरात करत असे आणि सुधीर न बोलता खिडक्या उघडत असे. मग सासूबाई कायमच्या राहायला आल्या. बाई प्रेमळ होत्या, पण माशाच्या वासाने त्यांना खरोखरच उलट्या होत. तेव्हा मी एक इलेक्ट्रिक शेगडी आणली आणि मासे गॅरेजमध्ये गेले. बाहेर उणे पंचवीस, अंगात पार्का, डोक्याला टूक म्हणजे लोकरीची कानटोपी, एका बाजूला स्नोब्लोअर, दुसऱ्या बाजूला टायर्स, आणि मधे मी तवा घेऊन उभी. सासूबाईंसमोर नवऱ्याला 'अरे सुधीर' म्हणणं बरं दिसेना, म्हणून त्याच सुमारास 'अहो'ही सुरू झालं. त्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेगडी गॅरेजमध्येच राहिली आणि 'अहो' तोंडात राहिलं. शेगडी आत आण असं तो कधी म्हणाला नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

आमची मुलगी ईशा ओटावाजवळ कनाटाला असते. तिने मला एक व्हिडिओ पाठवला. मालागा नावाचं स्पेनमधलं समुद्रकाठचं शहर. वाळूवर एक जुनी होडी, होडीत वाळू भरलेली, त्या वाळूवर लाकडं पेटवलेली, आणि बांबूच्या कामटीला ओवलेले सार्डिन, म्हणजे आमचे तारले, त्या जाळासमोर उभे करून भाजताहेत. खाली तिने लिहिलं होतं, "आई, धिस इज सो यू."

तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही. सुधीरला एवढंच म्हटलं, "अहो, बाकी तुम्हाला काय पाहायचं ते पाहा. मला एकदा समुद्राकाठी बसून ताजे तारले खायचेत."

"डन," सुधीर म्हणाला, आणि मालाग्याला प्लॅनमध्ये एक दिवस मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रानाडाची बस, आणि तिथून पुढे माद्रिदपर्यंत सगळी कोरडी गावं. म्हणजे तारले खायचे तर त्या एका दिवसात.

गडावर

ऑक्टोबर संपत आला होता. एडमंटनला आम्ही निघायच्या आदल्याच दिवशी बर्फ पडलं होतं आणि सुधीरने गाडीला विंटर टायर्स चढवून घेतले होते. मालाग्यात सकाळी अठरा-एकोणीस डिग्री, आणि तिथली माणसं मफलर गुंडाळून, जाड जाकिटं घालून फिरत होती. सुधीर हाफ शर्टात. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला तो म्हणाला, "कॅनडा! अवर होम, स्नो!" तिने छातीला हात लावून सहानुभूतीने मान हलवली. त्याची अपेक्षा कौतुकाची होती. मग त्याने हेच वाक्य बेकरीत, बसस्टॉपवर आणि एका पोलिसाला ऐकवून पाहिलं. कुठेच कौतुक झालं नाही.

हॉटेलच्या गल्लीतून बाहेर पडलं की डाव्या हाताला, रस्त्याच्या टोकाशी, निळी पट्टी दिसत होती. माझे पाय आपोआप तिकडे वळले.

"अगं, तिकडे कुठे?" सुधीर मागून म्हणाला. "समुद्र संध्याकाळी. सनसेटला."

"आत्ता जाऊन आलो तर?"

"आधी तिकिटाचे पॉइंट्स कव्हर करू. सी इज फ्री. त्याला ओपनिंग आवर्स नसतात."

खरं सांगते, मलाही यात काही चुकीचं वाटलं नाही. समुद्रावर जायचं ते संध्याकाळीच. वेंगुर्ल्यालाही सकाळी समुद्रावर फक्त कोळी आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलेले लोक जात. बाकीची माणसं संध्याकाळी जातात, सूर्य पाण्यात बुडताना पाहतात, आणि खाऊनपिऊन घरी येतात. मी मुकाट्याने उजवीकडे वळले.

पहिला पॉइंट अल्काझाबा. हजारेक वर्षांपूर्वी मुसलमान राजांनी डोंगराच्या उतारावर बांधलेला हा किल्ला. विटांच्या कमानी, एका अंगणातून दुसऱ्या अंगणात नेणाऱ्या सावलीच्या वाटा, आणि फरशीत खोदलेल्या बारीक पाटांतून सतत खळखळणारं पाणी. लढायला बांधलेल्या जागेत कुणीतरी बसून पाण्याचा आवाज ऐकायचीही सोय केली होती. मला तिथून हलावंसं वाटेना.

सुधीर प्रत्येक दरवाजाकडे तोंड वाकडं करून बघत होता. "देवगिरीपुढे काहीच नाही हे. इथे खंदक कुठंय? अंधारी कुठंय? शत्रू आला तर काय, त्याला कारंजी दाखवणार?" मी एकटीच ऐकतेय हे बरं नव्हे असं वाटून त्याने एका वयस्कर जर्मन जोडप्याला गाठलं आणि दौलताबादची भुयारी वाट इंग्रजीत, हातवारे करून, शेवटच्या पायरीपर्यंत चढवून दिली. ते बिचारे अल्काझाबा पाहायला आले होते, पण पाहून गेले देवगिरी.

वर पोचल्यावर सगळं शहर पायाखाली पसरलं होतं. बंदर, झाडांची रांग, बैलांच्या झुंजीचं गोल मैदान, आणि त्याच्या पलीकडे समुद्र, चकाकणारा. मी कठड्याला टेकले, तोच सुधीर म्हणाला, "इकडे तोंड कर. बॅक टु द सी. हं, आता हस." फोटो तत्काळ एडमंटनच्या ग्रुपवर गेला. तिकडे अजून पहाटही झाली नव्हती, तरी दीड दिवसात स्वित्झर्लंडवाल्यांचं उत्तर आलं: "मस्त! आम्ही केलं तेव्हा व्ह्यू क्लिअर होता." सुधीरने ते दोनदा वाचलं आणि चालायचा वेग वाढवला.

पुढचा पॉइंट कथीड्रल. भलंमोठं, आणि त्याचा एकच मनोरा पुरा झालेला. दुसऱ्याचं काम पैसे संपल्यामुळे मधेच थांबलं ते थांबलंच, आणि गावातले लोक त्याला प्रेमाने एका हाताची बाई म्हणतात. दिवसभरात सुधीरला मनापासून आवडलेली ही एकच गोष्ट. आमच्या अल्बर्टा प्रांतातल्या माणसाला, त्यातून पाइपलाइनवाल्याला, अर्धवट राहिलेला प्रोजेक्ट लांबूनही ओळखू येतो. "कॉस्ट ओव्हररन," तो वर पाहत हळवा होऊन म्हणाला. "यांचंही सेमच झालं गं."

बारा वाजताची भूक

कथीड्रलच्या बाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांची झाडं होती. हिरवीपिवळी फळं हाताला लागत होती आणि कुणी त्यांना शिवत नव्हतं. हे दृश्य सुधीरला सहन होईना. एडमंटनमध्ये एकेक संत्रं आम्ही ग्रोसरीत दाबून दाबून घेतो, आणि इथे फळं फुटपाथवर पडून चिरडताहेत! "आळशी लोक आहेत," असा निकाल देऊन त्याने त्यातल्या त्यात पिवळं पाहून एक तोडलं. कुत्र्याला फिरवणारी एक बाई लांबूनच "नो, नो!" करत हात हलवू लागली. सुधीरला वाटलं, चोरीबद्दल बोलतेय. त्याने घाईघाईने सोललं आणि अर्धं संत्रं एकदम तोंडात टाकलं.

ती शोभेची संत्री असतात. आंबटही असतात आणि कडूही, आणि दोन्ही चवी एकदम येतात. सुधीरचा चेहरा पाहून त्या बाईचा कुत्राही बसला. पुढचा पाऊण तास त्याला बोलता आलं नाही, आणि माझं मालागा खऱ्या अर्थाने तेवढा वेळ पाहून झालं.

बोलता येऊ लागल्यावर पहिलं वाक्य आलं, "जेवायचं काय?" बारा वाजले होते. स्पेनमध्ये बारा वाजता जेवायला निघणारी माणसं दोनच प्रकारची: आजारी आणि आम्ही. रेस्टॉरंटांत वेटर नुसते टेबलं पुसत होते. त्यातल्या एकाने स्वयंपाकघर दीड-दोनशिवाय सुरू होत नाही असं सांगितलं आणि त्यांचं जेवण संपून गाव जे बंद होतं ते पाच-साडेपाचला उघडतं अशी माहितीही दिली.

"मग ही माणसं काम केव्हा करतात?" सुधीर म्हणाला. हा माणूस रिटायर झाल्यापासून रोज दुपारी बेसमेंटमध्ये चार वाजेपर्यंत घोरतो.

"अहो, दोनपर्यंत थांबू. समुद्रावरच जाऊ जेवायला," मी म्हटलं.

"दोनपर्यंत माझी शुगर काय थांबणारय? आणि दशम्या आहेत की." बॅगेत मेथीच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. मीच केलेली, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. किल्ल्याच्या पायथ्याशी दोन हजार वर्षांपूर्वीचं रोमन नाट्यगृह आहे. त्याच्यासमोर बाकावर बसून आम्ही दशम्या सोडल्या. सुधीरने चार खाल्ल्या. मी अर्धी खाल्ली, कारण मला भूक राखायची होती.

तेवढ्यात ईशाचा व्हिडिओ कॉल आला.

"आई! डिड बाबा लेट यू ईट द फिश?"

"संध्याकाळी गं. सनसेटला."

"व्हॉट? व्हाय नॉट नाऊ?"

"सगळं प्लॅनप्रमाणे आहे," सुधीर मधेच तोंड घालून म्हणाला.

"ओके," ईशा म्हणाली. "बट, आई, यू शुड जस्ट गो." असं म्हणणं कनाटात बसून फार सोपं असतं.

दुपारी आम्ही एका म्युझियममध्ये गेलो. इथे एक जगप्रसिद्ध चित्रकार जन्मला, आणि गावाने त्याला कपबशीपासून छत्रीपर्यंत सगळ्यावर छापलंय. एका चित्रातल्या बाईचा एक डोळा गालावर आणि नाक कानाजवळ होतं. संत्रं खाल्ल्यावर सुधीर थेट तसाच दिसत होता, पण हे मी मनातच ठेवलं. बाहेर आलो तर रस्ते ओस, दुकानांची शटर्स खाली. कव्हर करायला काहीही उरलं नव्हतं. मी समुद्राकडे बोट दाखवलं. "सनसेटला अजून वेळ आहे," असं म्हणून सुधीर बंदराजवळच्या बागेत एका बाकावर आडवा झाला आणि स्पॅनिश लोकांना जे जमतं ते त्याने त्यांच्यापेक्षा चांगलं करून दाखवलं.

मी शेजारी बसले होते, आणि वारा समुद्राकडून येत होता. त्या वाऱ्यावर वास आला. लाकडाचा धूर, आणि धुरात भाजणारा मासा. मला तो वास पोटात आधी कळला, नाकात नंतर. आमच्या मागच्या दारी आई चुलीतले निखारे पुढे ओढून त्यावर तारले ठेवायची, आणि आम्ही भावंडं परकर-चड्ड्या सावरत भोवती उकिडवी बसायचो. मी उठले, चार पावलं चालले. पण सुधीरला तिथे एकटा झोपलेला टाकून, बॅग आणि पासपोर्टासकट, जाता येईना. परत येऊन बसले. सुधीरने एकदा डोळे किलकिले करून नाक उडवलं. "ड्रेनेज चोक झालंय वाटतं कुठेतरी," तो म्हणाला आणि कूस बदलली.

समुद्र

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी आम्ही वाळूवर हजर होतो. सुधीरने ट्रायपॉड रोवला, त्यावर फोन चढवला, आणि आम्ही दोघं समुद्राकडे तोंड करून बसलो. पाणी शांत होतं. माझ्या ओळखीच्या समुद्राच्या मानाने फारच शांत, पण वास तोच. लांबवर ती होडीही दिसत होती. सूर्य बुडाला की उठायचं, आणि तडक तिकडे.

आम्ही वाट पाहिली. पाणी निळ्याचं राखाडी झालं, राखाडीचं जांभळं झालं. वाळू गार पडली. सूर्याचा पत्ता नव्हता.

"ढगात असेल," सुधीर म्हणाला. आकाशात ढग नव्हता.

शेवटी त्याने वाळूतून चालत जाणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना थांबवलं आणि पाण्याकडे बोट दाखवून विचारलं, "सन? सनसेट?" गृहस्थांनी आमच्याकडे पाहिलं, ट्रायपॉडकडे पाहिलं, आणि हातातल्या काठीने आमच्या पाठीमागे खूण केली. आम्ही वळून पाहिलं. पाठीमागे इमारती होत्या, इमारतींमागे डोंगर, आणि डोंगरामागे केशरी रंगाची शेवटची रेघ विझत होती. सूर्य केव्हाच मावळला होता. मालाग्याचा किनारा दक्षिणेला आहे. आम्ही इतका वेळ भक्तिभावाने आफ्रिकेकडे बघत बसलो होतो.

सुधीरने फोनवर कंपास उघडून पाहिला. या माणसाने अख्ख्या अल्बर्टाभर पाइप टाकले, एक कधी तिरका गेला नाही. पण तोही मराठी, आणि मीही. समुद्र म्हटला की पश्चिम, हे आम्ही दोघांनी धरून चालायचं, त्यात विचारायचं काय! जगात दुसऱ्या कुठल्या दिशेला समुद्र असू शकतो ही शंका ना त्याच्या प्लॅनला आली, ना वेंगुर्ल्याच्या पोरीला. मला हसू आलं. मी हसतहसतच होडीकडे निघाले.

होडीतली आग विझत आली होती. पोट सुटलेला, पन्नाशीचा एक माणूस फावड्याने निखाऱ्यांवर वाळू ओढत होता. मागे खुर्च्या एकमेकींवर चढत होत्या. मी माशांची खूण केली. त्याने मान हलवली, उन्हाळा संपल्यापासून आग फक्त दुपारीच असते असं हातवाऱ्यांनी समजावलं, आणि हसून म्हणाला, "मान्याना." म्हणजे उद्या.

उद्या आम्ही ग्रानाडाला.

"ठीक आहे," सुधीर म्हणाला. "इथून जवळ एक इटालियन आहे, फोर पॉइंट सिक्स रेटिंग. आणि फिश काय, एडमंटनला..."

"सुधीर," मी म्हटलं, "तू गप्प बस."

तो थांबला. त्याचं नाव माझ्या तोंडून त्याने किती वर्षांनी ऐकलं असेल, कोण जाणे.

"दिवसभर मी तुझ्यामागे चालले. किल्ला पाहिला, मनोरा पाहिला, तुझी झोप पाहिली. एक गोष्ट मागितली होती. एक! ती तू सगळ्यात शेवटी ठेवलीस, कारण तिला तिकीट नव्हतं. एडमंटनला काय, म्हणतोस? एडमंटनला मी स्वतःच्या घरात चोरासारखी मासे खाते. टूक घालून, गॅरेजमध्ये, टायरांशेजारी उभी राहून. आई गेल्या तुझ्या. वास कुणाला येतोय आता?"

शेवटचं वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. पण बोलले, आणि मग मला रडू आलं. परक्या देशात, फावडं घेतलेल्या एका परक्या माणसासमोर. मी पाठ फिरवून वाळूत बसले.

मग मागून सुधीरचा आवाज ऐकू आला. तो त्या होडीवाल्याशी बोलत होता. फोनमधलं ॲप त्याने काढलं होतं, पण घाईत ते हिंदीच बोलायला लागलं, तेव्हा त्याने फोन खिशात टाकला आणि हात वापरले. "माय वाइफ," तो म्हणत होता. "सी. हर व्हिलेज, सी. फोर्टी इयर्स, नो सी." मग त्याने थंडीने कुडकुडत तवा उलटणाऱ्या बाईची नक्कल केली. ती मी होते. नक्कल इतकी हुबेहूब होती, की गॅरेजच्या खिडकीतून तो मला बघत असे हे मला तेव्हा कळलं. शेवटी त्याने हात जोडले. देवळातसुद्धा घड्याळ बघत हात जोडणारा माणूस, माशांसाठी.

होडीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मग फावडं टाकलं, आत गेला आणि कागदात गुंडाळलेले, बहुतेक आपल्या घरी न्यायला ठेवलेले तारले घेऊन आला. कामटीला ओवले, वाळू बाजूला सारून निखारे फुंकले, वर मूठभर जाडं मीठ. सुधीरला त्याने खुणेने विचारलं, तुम्हाला? "नो, नो. व्हेजिटेरियन. होल लाइफ," सुधीर म्हणाला. सकाळपासून कॅनडातल्या बर्फालाही जेवढी कीव मिळाली नव्हती, तेवढी त्या माणसाच्या चेहऱ्यावर आली.

नुसतं मीठ लावलेल्या माशाला माझ्या आईने स्वयंपाक म्हटलं नसतं. तिरफळ नाही, आमसूल नाही, खोबरं नाही. पण सुधीर ती प्लेट हात लांब धरून, नाकावर रुमाल दाबून वाळूतून घेऊन आला, माझ्यासमोर ठेवली, आणि मी पहिल्या तारल्याचं जळकं साल बोटाने सोडवलं. वाफ आली. काटा एका ओढीत निघाला. मी तो खाल्ला, दुसरा खाल्ला, बोटं चाटली, आणि मला इतकं बरं वाटलं की पुन्हा थोडं रडू आलं. होडीवाला लांबून पाहून समाधानाने सिगारेट पेटवत होता.

वारा कुठून येतोय हे इंजिनिअरच्या चोखपणाने ठरवून सुधीर माझ्या दुसऱ्या बाजूला बसला. माझी प्लेट रिकामी होईपर्यंत तो समुद्राकडे, म्हणजे आफ्रिकेकडे, बघत होता.

"विंटर टायर्स चढवलेत ना," तो म्हणाला, "तर समरचे चार गॅरेजमध्ये ठेवायला जागाच पुरत नाहीय."

"मग?"

"मग काय. ती शेगडी आत घेऊन टाक."

एडमंटन

बाकीचं स्पेन आम्ही व्यवस्थित कव्हर केलं. त्याचे फोटो सुधीरकडे आहेत. पॉटलकमध्ये त्याने स्लाइड शो केला, पण सूर्यास्ताच्या फोटोची पाळी आली तेव्हा तो पुढच्या स्लाइडवर फार पटकन गेला.

आता जानेवारी आहे. आज बाहेर उणे एकतीस. शेगडी तळघरात गेली, कारण आत घ्यायची म्हटल्यावर तिची गरजच उरली नाही. स्वयंपाकघरातल्या स्टोव्हवरच तवा ठेवते. खिडक्या उघडायची सोय नाही, एक्झॉस्ट फॅन जेमतेम चालतो, आणि वास वरच्या बेडरूमपर्यंत जातो. मी मासे बाहेर काढले की सुधीर पार्का चढवतो, टूक घालतो, फोन घेतो आणि गॅरेजमध्ये जाऊन समर टायर्सच्या चवडीवर बसतो.

थोड्या वेळाने दार बोटभर उघडतं.

"झालं का गं?"

"नाही रे," मी म्हणते. "अजून दुसरी बाजू व्हायचीय."

खरं तर मासे केव्हाच झालेले असतात.